टेन्शन डोक्यात, मग खाज अंगाला का?

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही त्वचेच्या दवाखान्यात तासभर बसा, एक वाक्य हमखास कानावर पडतं. औषधं लिहून झाली की डॉक्टर मान वर करतात आणि म्हणतात, "आणि हो, टेन्शन घेऊ नका." पेशंट मान हलवतो. बाहेर आल्यावर मात्र सोबतच्याला विचारतो, "टेन्शन डोकामा शे, मंग खाज हातले काबर येस?"

प्रश्न रास्त आहे. पण बाहेर माणसं ताटकळत असताना डॉक्टरांना उत्तर देत बसायला वेळ नसतो. मग ऐकणारा आपापल्या परीने अर्थ लावतो. कुणाला वाटतं, आपल्याला वेड्यात काढलं. कुणाला वाटतं, निदान सापडलं नाही म्हणून टेन्शनवर ढकललं. घरी गेल्यावर सासूबाई म्हणतात, "मी सांगतच होते, तू फार विचार करतेस." म्हणजे आजारही त्या बाईचा आणि दोषही तिचाच.

हे मला सगळ्यात जास्त खटकतं, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहायचं ठरवलं. मनावरचा ताण कातडीपर्यंत कसा पोचतो, याचा रस्ता आता बराचसा माहीत आहे. त्यात मज्जातंतू आहेत, रक्तातून फिरणारी संप्रेरकं (हार्मोन) आहेत, रोगाशी लढणाऱ्या पेशी आहेत. या सगळ्या गोष्टी सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात किंवा प्रयोगशाळेत मोजता येतात. माणूस मनाने खंबीर आहे की हळवा, यावर तो रस्ता सुरू किंवा बंद होत नाही.

आधी कातडीच्या आत डोकावू

मोठ्या माणसाच्या अंगावर दीड ते दोन चौरस मीटर कातडी असते. सगळ्यात वर मेलेल्या, चपट्या पेशींचा पातळ थर असतो आणि त्या पेशींच्या फटीत चरबी भरलेली असते. आतलं पाणी बाहेर जाऊ न देणं आणि बाहेरचे जंतू, धूळ, फवारणीचं औषध आत येऊ न देणं, हे त्या थराचं काम. त्याच्याखाली जिवंत पेशी, आणखी खाली रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं.

या सगळ्यातून मज्जातंतूंचं जाळं गेलेलं असतं. त्यांची टोकं थेट वरच्या थरापर्यंत येऊन उघडी संपतात. त्यांच्या अगदी जवळ, रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने, मास्ट पेशी बसलेल्या असतात. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी १८७८ मध्ये त्या पहिल्यांदा नीट ओळखल्या. मास्ट पेशीच्या पोटात दाणेदार पिशव्या असतात आणि त्या पिशव्यांत हिस्टामिन नावाचं रसायन. पेशीला इशारा मिळाला की पिशव्या रिकाम्या होतात. अंगावर पित्त उठतं, गांधी येतात, ते याच हिस्टामिनमुळे. पित्तावर आपण जी गोळी घेतो ती हिस्टामिनलाच अडवते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. आईच्या पोटात गर्भ आकार घेत असतो तेव्हा मेंदू आणि कातडीचा वरचा थर हे दोन्ही गर्भातल्या पेशींच्या एकाच थरातून तयार होतात. पुढे ते एकमेकांपासून लांब जातात, पण त्यांची रसायनं बऱ्याच अंशी सारखीच राहतात.

दाह हा शब्द या लेखात वारंवार येईल. लाली, सूज, उष्णता आणि आग किंवा खाज, या चारही गोष्टींना मिळून दाह म्हणायचं. दाह हा मुळात शरीराचा बचाव आहे. काटा रुतला की त्या जागी रक्त वाढतं, लढणाऱ्या पेशी गोळा होतात, काम संपलं की सगळं शांत होतं. इसब, सोरायसिस, अंगावरचं पित्त यांत तो विनाकारण पेटतो किंवा पेटल्यावर विझत नाही.

नंदुरबारच्या मिरचीत अर्धं उत्तर आहे

हिवाळ्यात नंदुरबारच्या आसपास मिरचीच्या पथाऱ्या लागतात. जमीन लालभडक होते आणि बाया ओळीने बसून वाळत्या मिरचीचे देठ खुडत असतात. संध्याकाळी त्यांचे हात पाहा. कुठे कापलेलं नाही, खरचटलेलं नाही, भाजलेलं नाही. तरी बोटं मनगटापर्यंत लाल झालेली, फुगलेली, आणि हातांची अशी आग की रात्री झोप लागत नाही. पाण्याने धुऊन फार फरक पडत नाही, कारण मिरचीतला तिखट पदार्थ, कॅप्सेसिन, पाण्यात विरघळत नाही. तेल चोळून मग साबणाने धुतलं तर बरं वाटतं.

आग का होते ते १९९७ मध्ये कळलं. अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने मज्जातंतूच्या टोकावरचं एक प्रथिन शोधलं. साधारण ४३ अंशांच्या वर चटका बसला की ते प्रथिन उघडतं आणि मेंदूला 'भाजलं' असा निरोप जातो. कॅप्सेसिन त्याच प्रथिनाला उघडतं. म्हणून हात न भाजताही भाजल्यासारखा वाटतो. ज्युलियस यांना २०२१ मध्ये आर्डेम पातापूतियन यांच्यासोबत नोबेल मिळालं.

पण आग वाटणं ही झाली मेंदूची बाजू. हात लाल का झाला, सुजला का? मेंदूने तर काही केलेलं नाही.

इथे मज्जातंतूचा दुसरा गुण समोर येतो. तो फक्त बातमी वर नेत नाही. जिथून बातमी उचलली त्याच ठिकाणी तो स्वतः रसायनं सोडतो. त्यातल्या एकाचं नाव सबस्टन्स पी. उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांनी १९३१ मध्ये ते शोधलं. सबस्टन्स पी बाहेर पडलं की जवळच्या रक्तवाहिन्या पाझरू लागतात, मास्ट पेशींच्या पिशव्या फुटतात, हिस्टामिन पसरतं. मज्जातंतूच्या टोकातून निघणारी आणखी काही रसायनं रक्तवाहिन्या रुंदावतात. म्हणजे सूज आणि लाली घडवून आणणारा तिथे दुसरा कुणी नसतो, खुद्द मज्जातंतूच असतो.

हंगेरीत सेगेड नावाचं शहर आहे, तेही लाल मिरचीसाठीच नावाजलेलं. तिथले मिक्लोश यांचो आणि त्यांचे सहकारी यांनी ही गोष्ट पुराव्यानिशी दाखवली. १९६७ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या प्रयोगांत उंदराच्या पायाकडे जाणारा मज्जातंतू कापून तो मरेपर्यंत काही दिवस जाऊ दिले. मग त्या पायावर झोंबणारा पदार्थ लावला. पाय लाल झाला नाही, सुजला नाही. कातडी तीच, रक्त तेच, पदार्थही तोच. फक्त मज्जातंतू नव्हता.

माणसातला पुरावा कुष्ठरोगाच्या चट्ट्यात मिळतो. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतू मारतात, म्हणून चट्ट्याला स्पर्श कळत नाही. जुन्या काळी डॉक्टर एक चाचणी करत. चट्ट्यावर आणि शेजारच्या चांगल्या कातडीवर हिस्टामिनचा एकेक थेंब ठेवायचा आणि त्यातून सुईने हलकं टोचायचं. चांगल्या कातडीवर गांध येते आणि तिच्याभोवती लाली पसरत जाते. चट्ट्यावर गांध येते, पण भोवतीची लाली येत नाही, कारण ती लाली पसरवणारा मज्जातंतूच तिथे मेलेला असतो.

सोरायसिसच्या काही रुग्णांतही डॉक्टरांनी असंच पाहिलं आहे. अपघाताने किंवा शस्त्रक्रियेने एखाद्या भागाचा मज्जातंतू तुटला आणि नेमका त्याच भागातला सोरायसिसचा चट्टा निवळला. मज्जातंतूंचा दाहाशी काय संबंध, असं कुणी विचारलं तर मी हे उदाहरण आधी सांगतो.

मग यात टेन्शन कुठून आलं?

मनातल्या गोष्टी कातडीवर उमटतात हे आपण रोज पाहतो. लाज वाटली की गाल लाल होतात, भीतीने काटा येतो, मुलाखतीच्या खोलीबाहेर तळव्यांना घाम सुटतो. त्यावर 'मन कुठे, तळवे कुठे' असं कुणी म्हणत नाही. इसब वाढण्याची सुरुवातही याच रस्त्याने होते.

ताण आला की मेंदू दोन प्रकारे हुकूम पाठवतो. पहिला मज्जातंतूंतून, क्षणात. ॲड्रेनलिन आणि त्याच्या जातीची रसायनं सुटतात, छाती धडधडते, घाम येतो. दुसरा रक्तातून, जरा सावकाश. मेंदूच्या तळाशी असलेला एक छोटा भाग एक संप्रेरक सोडतो, त्यामुळे शेजारची पिट्युटरी ग्रंथी दुसरं सोडते, आणि ते रक्तातून मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींपर्यंत पोचलं की कॉर्टिसोल बाहेर पडतं. या साखळीला सोयीसाठी 'ताणाची साखळी' म्हणू. हान्स सेली यांनी १९३६ मध्ये ताणाचा शरीरावर होणारा परिणाम पहिल्यांदा मांडला, तेव्हापासून तिचा अभ्यास चालू आहे.

कातडीच्या दृष्टीने पुढची गोष्ट महत्त्वाची. या साखळीतलं पहिलं, मेंदूतलं संप्रेरक कातडीच्या पेशी स्वतःही बनवतात, आणि मास्ट पेशींवर ते ओळखणारी खास प्रथिनं (रिसेप्टर) असतात. म्हणजे ताणाचा निरोप मेंदूकडून आला काय किंवा कातडीतच तयार झाला काय, मास्ट पेशीला तो समजतो आणि ती पिशव्या रिकाम्या करू शकते.

शिवाय ताणामुळे मज्जातंतूंची वाढ घडवणारं एक प्रथिनही कातडीत वाढतं. हे प्रथिन शोधल्याबद्दल रीटा लेवी-माँताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चं नोबेल मिळालं होतं. जर्मनीतल्या संशोधकांनी उंदरांना त्रासदायक आवाजात ठेवून नंतर त्यांची कातडी तपासली. सबस्टन्स पी असलेले मज्जातंतू वाढलेले होते, ते मास्ट पेशींना जास्त ठिकाणी भिडलेले होते, आणि जास्त मास्ट पेशींच्या पिशव्या फुटलेल्या होत्या. पथारीवर मिरचीने जे केलं तेच इथे आवाजाच्या त्रासाने केलं.

आता कापसाचा हंगाम डोळ्यांपुढे आणा. बोंडं फुटलीत आणि पाऊस थांबत नाही. सोसायटीचं कर्ज अंगावर, मजूर मिळत नाही, पोरगी बारावीला. किंवा रावेर-यावलकडचा केळीवाला, ज्याची निसवलेली बाग वादळात एका संध्याकाळी आडवी झाली. हे टेन्शन तासा-दोन तासांत उतरणारं नाही, महिनोन्‌महिने राहतं. आणि कातडीचं सगळ्यात जास्त नुकसान करतो तो हाच लांबलेला ताण.

कॉर्टिसोल तर स्टिरॉइडच ना? मग दाह कमी व्हायला हवा!

ही शंका फार थोडे लोक काढतात, पण ती पक्की आहे. इसबावर डॉक्टर स्टिरॉइडचं मलम देतात. कॉर्टिसोल हे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड. मग टेन्शनमध्ये ते वाढल्यावर इसब बरं व्हायला नको का?

थोड्या वेळापुरता ताण असेल तर कॉर्टिसोल खरोखरच दाहाला लगाम घालतं. पण घरातला वडीलधारा माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत ओरडत राहिला की पोरं त्याचं ऐकेनाशी होतात. आवाज चढतो आणि वचक मात्र जातो. रोगप्रतिकारक पेशींचं तसंच होतं. कॉर्टिसोल सतत समोर असलं की त्या त्याला दाद देईनाशा होतात आणि दाह वाढवणारी रसायनं सोडत राहतात.

शेल्डन कोहेन यांच्या गटाने २०१२ मध्ये हे माणसांवर तपासलं. २७६ निरोगी स्वयंसेवकांना त्यांच्या संमतीने सर्दीचा विषाणू दिला. ज्यांच्या आयुष्यात लांबलेला ताण होता त्यांच्या पेशी कॉर्टिसोलला कमी दाद देत होत्या, आणि ज्यांच्या पेशी दाद देत नव्हत्या त्यांना सर्दी जास्त झाली. कॉर्टिसोल किती आहे यापेक्षा पेशी त्याचं किती ऐकतात, हे इथे महत्त्वाचं ठरलं.

कॉर्टिसोलचा दुसरा परिणाम कातडीच्या वरच्या थरावर होतो. तिथल्या पेशींच्या फटीत जी चरबी असते ती बनण्याचं प्रमाण घटतं. थर विरळ होतो, पाणी उडून जातं, कातडी कोरडी पडते, आणि धूळ, घाम, साबण आत शिरायला वाव मिळतो. आत शिरलेली प्रत्येक गोष्ट पुन्हा मज्जातंतूंना आणि मास्ट पेशींना चाळवते.

उंदरांचं सोडा, माणसांत काय दिसलं?

अमेरिकेत जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनी १९९५ मध्ये केलेला प्रयोग मला नेहमी आठवतो, कारण त्यात आपल्या घरातल्या बाया दिसतात. त्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या स्त्रिया निवडल्या आणि त्याच वयाच्या, पण अंगावर तशी जबाबदारी नसलेल्या दुसऱ्या स्त्रिया. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी छोटी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. सेवेत अडकलेल्या स्त्रियांची जखम सरासरी नऊ दिवस उशिरा भरली. त्यानंतर १९९८ मध्ये दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या टाळूवर अशीच जखम केली, एकदा सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या आधी. त्याच मुलांची जखम परीक्षेच्या दिवसांत ४० टक्के सावकाश भरली.

कातडीच्या वरच्या थराबद्दलचा २००१ चा प्रयोग तर अगदी साधा आहे. विद्यार्थ्यांच्या हातावर चिकटपट्टी लावायची आणि उपटायची, परत लावायची, परत उपटायची. प्रत्येक वेळी मेलेल्या पेशींचा पापुद्रा निघतो. मग तिथून किती पाणी उडतंय ते यंत्राने मोजायचं आणि थर पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो ते पाहायचं. परीक्षेच्या काळात तो सावकाश भरून आला. पोलीस भरती, एमपीएससी, नीट यांच्या तयारीत असलेल्या मुलामुलींच्या हाताचं इसब पेपर जवळ आल्यावर का चिघळतं, याचं हे एक सरळ कारण.

सगळ्यात मोठी परीक्षा निसर्गाने घेतली. १७ जानेवारी १९९५ ला जपानमध्ये कोबे शहराच्या भागात मोठा भूकंप झाला. नंतर तिथल्या डॉक्टरांनी लहानपणापासून इसब असलेल्या रुग्णांची पाहणी केली. जिथे जास्त पडझड झाली तिथल्या ३८ टक्के रुग्णांचा त्रास वाढला होता, आणि जिथे नुकसान नव्हतं तिथे ७ टक्क्यांचा. अर्थात भूकंपात पाणी, औषधं, स्वच्छता सगळंच विस्कटतं, त्यामुळे सगळं खापर ताणावर फोडता येत नाही. तरी दोन आकड्यांतलं अंतर बोलकं आहे.

खाजवल्यावर बरं वाटतं, मग का नको?

कारण खाजवणं हे मज्जातंतूंना दिलेलं निमंत्रण आहे. जानेवारी २०२५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात पिट्सबर्गच्या डॅनियल कॅप्लन यांच्या गटाचा अभ्यास आला. उंदरांच्या कानाला खाज सुटेल असा पदार्थ लावला. काहींना मनसोक्त खाजवू दिलं. काहींच्या गळ्यात छोटी गळपट्टी घातली, शस्त्रक्रियेनंतर कुत्र्याला घालतात तशी, म्हणजे पाय कानापर्यंत पोचत नाही. ज्यांना खाजवता आलं त्यांचे कान सुजले आणि दाहाच्या पेशींनी भरले. ज्यांना आलं नाही त्यांची सूज बरीच कमी राहिली. पदार्थ दोघांनाही सारखाच लावला होता. खाजवल्याने वेदनेचे मज्जातंतू चाळवतात, सबस्टन्स पी सोडतात, आणि आधीच भडकलेल्या मास्ट पेशी आणखी भडकतात, असं त्यांना दिसलं. त्याच अभ्यासात खाजवण्याने कातडीवरचे काही जंतू कमी होतात असंही आढळलं, म्हणजे ही सवय प्राण्यांत टिकून राहण्याला कारण असावं. पण महिनोन्‌महिने चालणाऱ्या इसबात नुकसानच जास्त.

यात झोप नसणं मिसळा. टेन्शनमुळे डोळा लागत नाही. रात्रीच्या शांततेत खाज जास्त जाणवते. खाजवून कातडी सोलवटते, सकाळी आग होते, दिवसभर चिडचिड, आणि त्याचं परत टेन्शन. खानदेशातल्या उन्हाळ्यात वरून घामही असतो, आणि सोलवटलेल्या कातडीला घाम झोंबतो.

शेजारच्याला माझ्या दुप्पट टेन्शन, त्याला काहीच कसं होत नाही?

कारण ताण एकट्याने इसब किंवा सोरायसिस निर्माण करत नाही. मुळात प्रवृत्ती असावी लागते, आणि ती बरीचशी आई-वडिलांकडून वारशाने येते. इसब असलेल्या अनेकांमध्ये फिलॅग्रिन नावाचं, कातडीचा वरचा थर घट्ट ठेवणारं प्रथिन कमी बनतं. ही गोष्ट २००६ मध्ये स्पष्ट झाली. सोरायसिसमध्ये रोगप्रतिकारक पेशींच्या एका वेगळ्या टोळीचा घोळ असतो. अशी प्रवृत्ती नसलेल्या माणसाला तेवढ्याच टेन्शनने डोकेदुखी होईल, पोट बिघडेल, किंवा काहीच होणार नाही. तो मनाने मोठा आणि तुम्ही कच्चे, असा त्याचा अर्थ लावू नका.

पण प्रत्येक खाज टेन्शनची नसते

इथे मला जरा रेंगाळायचं आहे, कारण 'टेन्शनमुळे होतंय' म्हणून सोडून दिलेले आजार आपल्या भागात खूप आहेत.

मांडीच्या सांध्यात, कमरेला, गोल कडा असलेला, कडेने वाढत जाणारा चट्टा म्हणजे बहुधा गजकर्ण. ती बुरशी आहे. घरातल्या दोघा-चौघांना एकदम खाज, रात्री जास्त, बोटांच्या बेचक्यात आणि बेंबीभोवती पुरळ, तर ती खरूज असण्याची शक्यता मोठी. सगळ्या घराने एकाच वेळी औषध लावल्याशिवाय ती जात नाही. शेतात राबणाऱ्या माणसाचा चेहरा, मान, कोपराची खोबण एवढाच उघडा भाग काळवंडून जाड झाला असेल तर बांधावरच्या गाजर गवताकडे पाहा, त्याची ॲलर्जी असू शकते. आणि जिथे स्पर्श कळत नाही असा फिकट किंवा लालसर चट्टा असेल तर उद्याच सरकारी दवाखाना गाठा. कुष्ठरोगाचं औषध तिथे मोफत मिळतं आणि वेळेत घेतलं तर माणूस पूर्ण बरा होतो, हातापायांत व्यंग येत नाही.

या सगळ्यांत एक समान चूक होते. माणूस मेडिकलवर जाऊन "खाजेची ट्यूब द्या" म्हणतो. हातात येते ती अनेकदा तीव्र स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र केलेली ट्यूब. दोन दिवसांत खाज थांबते, कारण स्टिरॉइड दाह दाबतं. बुरशी मात्र तशीच आतून पसरत राहते. ट्यूब थांबवली की पहिल्यापेक्षा मोठा चट्टा. चेहऱ्यावर गोरेपणासाठी लावली तर कातडी पातळ होते, लाल रेषा दिसू लागतात, उन्हात पाऊल टाकवत नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरी ती सर्रास मिळतात. कृपा करून मागू नका, आणि शेजारणीने दिली म्हणून लावू नका.

टेन्शन कमी केलं तर औषध बंद करता येईल?

नाही. असं करून घरी बसलेल्यांचं इसब चिघळलेलं आणि सोरायसिस अंगभर पसरलेला दवाखान्यांत नेहमी पाहायला मिळतो. औषध दाहावर थेट काम करतं. मन शांत करण्याचे उपाय वरून येणारा रेटा कमी करतात. दोन्ही एकत्र चालतात.

एकत्र चालल्यावर काय होतं याचं एक छान उदाहरण आहे. जॉन कबात-झिन यांनी १९९८ मध्ये सोरायसिसच्या ३७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांना अतिनील प्रकाशाचे उपचार चालू होते. त्यातल्या काहींना प्रकाशाखाली उभं असताना कानात ध्यानाची ध्वनिफीत लावून दिली. त्यांची कातडी साधारण चौपट वेगाने निवळली. रुग्ण थोडे होते, म्हणून या आकड्याला फार ताणू नये. पण औषध सोडून नव्हे, औषधासोबत ध्यान दिलं तर उपचाराला जोर येतो, एवढं त्यातून दिसतं.

आता शेतकऱ्याला, किंवा दोन लहान पोरं आणि आजारी सासरे सांभाळणाऱ्या बाईला 'टेन्शन घेऊ नका' म्हणणं मला योग्य वाटत नाही. कापसाचा भाव तिच्या हातात नाही. पण काही गोष्टी हातात आहेत. आंघोळ कोमट पाण्याने, साबण कमीत कमी, आणि अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा खोबरेल चोळून त्या वरच्या थराची भर करणं. नखं बारीक ठेवणं. खाज सुटली की ओरबाडण्याऐवजी ओलं गार फडकं दाबून धरणं. रात्रीची झोप मिळेल अशी सोय घरच्यांनी करून देणं, हे तर मलमाइतकंच मोलाचं. मन फारच दबून गेलं असेल, झोप उडाली असेल, जगण्यात रस वाटेनासा झाला असेल, तर १४४१६ या 'टेली मानस'च्या सरकारी क्रमांकावर फोन करता येतो. २०२२ मध्ये सुरू झालेली ही सेवा मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

रस्ता उलट्या दिशेनेही चालतो. कातडी बिघडली की माणसाचं टेन्शन वाढतं. सोरायसिसचे चट्टे पाहून लोक पाण्याचा ग्लास वेगळा ठेवतात, लग्नाच्या बैठकीत मुलीला पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालायला लावतात. सोरायसिस, इसब आणि कोड यांपैकी एकही आजार स्पर्शाने पसरत नाही. ज्या घरात असा माणूस आहे तिथे त्याच्या ताटात जेवायला बसणं, त्याला जवळ घेणं, यानेही त्याच्या ताणाची साखळी जरा सैल होते.

डॉक्टरांकडे जाताना वहीच्या एका पानावर मागच्या दोन-तीन महिन्यांचं थोडक्यात लिहून न्या: खाज कधी वाढली, त्या आठवड्यात घरात किंवा शेतात काय घडलं, झोप किती झाली, कुठली ट्यूब किती दिवस लावली. ट्यूबचं रिकामं खोकं टाकून दिलं नसेल तर तेही सोबत घ्या. आणि डॉक्टर परत 'टेन्शन घेऊ नका' म्हणाले, तर संकोच न करता विचारा: "डॉक्टरसाहेब, टेन्शन आहे ते असं आहे. ते लगेच जाणार नाही. ते असताना कातडी कशी सांभाळायची ते सांगा."